ठेवी बुडवणाऱ्याच्या हाती नारळ आणि तिला रोटही नाही: माणसाचे चालचलन आपण कोणत्या मापाने मोजतो?

प्रश्न
तापीकाठ, चोपडा तालुका

आमच्या गावात यंदाच्या श्रावणात घडलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, आणि तिच्यात माझाही हात असल्यामुळे ती मी इथे मोकळेपणाने मांडत आहे. गावाचे किंवा कोणाचेही नाव मी लिहिणार नाही.

आमच्या महिला बचत गटाची सचिव ३५ वर्षांची विधवा आहे. नवरा जाऊन ७ वर्षे झाली. पदरात दोन मुले, नवऱ्याच्या वाट्याची दीड एकर जमीन आणि एक शिलाई यंत्र एवढाच तिचा संसार. गटाचे दप्तर तिच्या हाती आल्यापासून बँकेचा एकही हप्ता थकलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात कुजबुज सुरू झाली की गावातल्याच एका ट्रॅक्टरवाल्याशी तिचे संबंध आहेत. तो विवाहित आहे, त्याला मुले आहेत. ही कुजबुज खरी की खोटी हे मी तिला विचारलेले नाही. ती खरी आहे असे धरूनच मी प्रश्न विचारते, कारण खोटी असती तर प्रश्न फार सोपा झाला असता.

कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशची श्रावणातली देवी, बसायच्या आदल्या दिवशी तिच्या भाऊबंदकीने निरोप धाडला की यंदा रोटांना येऊ नकोस. रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद. तो भाऊबंदकीतच खाल्ला जातो, त्यामुळे त्यातून वगळणे म्हणजे तू आमच्या कुळातली उरली नाहीस असे सांगणे, हे खानदेशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सोमवारी कानबाईची मिरवणूक नदीकडे निघाली तेव्हा नारळ फोडण्याचा मान ज्या गृहस्थांना दिला गेला ते एका पतसंस्थेचे माजी अध्यक्ष आहेत. त्या पतसंस्थेत गावातल्या कितीतरी घरांच्या ठेवी अडकून आज ९ वर्षे होत आली. माझ्या सासऱ्यांनी नणंदेच्या लग्नासाठी ठेवलेले २ लाख रुपये त्यातच गेले आणि लग्न शेवटी केळीच्या मळ्यावर कर्ज काढून करावे लागले. एका म्हाताऱ्या जोडप्याचे डोळ्यांचे ऑपरेशन पैशांवाचून राहिले आणि त्यातल्या आजीबाईंना आता दिसत नाही. माझे सासरेही त्या मिरवणुकीत होते. त्यांनी त्या गृहस्थांना हात जोडून रामराम केला. ट्रॅक्टरवाला मिरवणुकीच्या पुढे नाचत होता, आणि नांगरटीला आजही सगळे गाव त्यालाच बोलावते.

पंधरा दिवसांनी गटाच्या बैठकीत ठराव आला की गटाची बदनामी होत असल्यामुळे सचिव बदलावी. अकरा जणींपैकी दहा जणींनी सह्या केल्या आणि त्या दहांत माझी सही आहे. ती मान खाली घालून दप्तर आवरत होती आणि मी पेन शोधत होते.

ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोवर अन्याय झाला असेल तर तो मला पूर्ण मान्य आहे, त्यावर मला पांघरूण घालायचे नाही. पण त्या अन्यायाची भरपाई दोघांपैकी एकीकडूनच का वसूल होते? आणि तो अन्याय कितीही खरा असला तरी चाळीस-पन्नास घरांची आयुष्यभराची पुंजी बुडवण्यापेक्षा तो मोठा कसा ठरतो? पतसंस्थेच्या माणसाबद्दल लोक म्हणतात की 'व्यवहारात गडबड झाली', आणि तिच्याबद्दल म्हणतात की 'बाई चालीची नाही'. चारित्र्य हा शब्द आपण शरीरापुरताच का ठेवला आहे? पुढच्या बैठकीत हा ठराव मागे घेता येईल का, आणि घ्यायचा तर कशाच्या आधारावर, हेही मला जाणकारांना विचारायचे आहे.

उत्तर
निवृत्त वकील, धुळे

ताई, तुमच्या गावाचे माप आणि कायद्याचे माप शेजारी शेजारी ठेवून पाहा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९७ होते. दुसऱ्याच्या पत्नीशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून, संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला ५ वर्षांपर्यंत कारावास, असे ते कलम. त्यातले 'संमतीवाचून' हे शब्द नीट वाचावेत. पतीची संमती असली की गुन्हा उरत नव्हता. तक्रारीचा अधिकार त्या स्त्रीच्या पतीला होता, आणि ज्याने संबंध ठेवले त्या पुरुषाच्या पत्नीला तो मुळीच नव्हता. शेतात दुसऱ्याची गुरे शिरली तर मालकाने तक्रार करावी, त्याच धाटणीची ही रचना होती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते कलम घटनाबाह्य ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते घेतलेले नाही.

मात्र तुमच्या प्रकरणात याहून महत्त्वाची गोष्ट अशी की विधवेशी किंवा अविवाहितेशी असलेला संबंध त्या कलमात कधी बसतच नव्हता. तुमच्या सचिवबाईंबद्दल जे बोलले जाते ते खरे असले तरी कलम ४९७ जिवंत असतानाही तो गुन्हा ठरला नसता. ट्रॅक्टरवाल्याच्या पत्नीला दाद मागायची असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली पतीचे परस्त्रीशी असलेले संबंध हे घटस्फोटाचे कारण आजही आहे, आणि ती दाद तिने पतीविरुद्ध मागायची आहे. उलट ठेवीदारांच्या पैशांचा कपटाने अपहार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, ज्यात ६ वर्षांपर्यंत कारावास आहे आणि मालमत्ता जप्त करण्याची तरतूद आहे. म्हणजे कायदा ज्याला मोठा गुन्हा म्हणतो त्याचा हात नारळावर आहे, आणि जिचा गुन्हाच नाही ती रोटांच्या बाहेर आहे.

कायद्याची बाजू इतक्या ठामपणे मांडताना मला एक कबुली दिली पाहिजे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १५५ चे चौथे पोटकलम होते. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री 'सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची' होती असे दाखवून तिच्या साक्षीवरचा विश्वास उडवण्याची मुभा ते आरोपीला देत होते. २००३ मध्ये ते वगळले गेले. १९८७ साली एका खटल्यात मी आरोपीचा वकील होतो आणि ते पोटकलम मी वापरले. तिचा पहिला नवरा तिला का सोडून गेला, मजुरीला जाताना ती कोणाच्या गाडीवर बसत असे, घरी किती वाजता येत असे, असे प्रश्न मी एकामागून एक विचारले. ज्या रात्रीबद्दल खटला होता त्या रात्रीविषयी मी जेमतेम चार प्रश्न विचारले असतील. आरोपी सुटला. न्यायालयाबाहेर कडुलिंबाखाली ती आपल्या आईजवळ बसली होती, आणि मी तिच्या समोरून गेलो. तीनच वर्षांनी, १९९० मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका पोलीस निरीक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एखाद्या स्त्रीची चाल लोकांच्या दृष्टीने वाईट असली तरी तिच्या खासगीपणावर कोणालाही घाला घालता येत नाही, आणि तेवढ्यावरून तिची साक्ष फेकून देता येत नाही. तो निकाल मी वाचला तेव्हा मला तो कडुलिंब आठवला. आजही आठवतो.

आता ठरावाविषयी. बचत गटाचे काम पंचसूत्रीवर चालते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन. या पाचांत पदाधिकाऱ्याच्या खासगी आयुष्याचा उल्लेख नाही. तिच्या हाती दप्तर असताना बँकेचा एकही हप्ता थकला नाही असे तुम्हीच लिहिले आहे. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर 'मागील ठरावाचा फेरविचार' असा विषय घ्यावा आणि तिने कोणता नियम मोडला हे ठराव मांडणाऱ्यांना इतिवृत्तात लिहून द्यायला सांगावे. भाऊबंदकीने जे केले ते वेगळे. जातीच्या पातळीवर कोणाला सण-समारंभातून वगळणे हा महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याचा विषय होऊ शकतो. तो कायदा २०१६ चा असून जुलै २०१७ पासून लागू आहे. त्या वाटेने जायचे की नाही हे तिने स्वतः ठरवावे. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी तक्रार देऊ नये.

उत्तर
आप्पा, रावेर तालुका

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला तो मान्य, पण गाव कायद्यावर चालत नाही आणि ते सर्वस्वी वाईटही नाही. माझे वय ७४ आहे. विवाहित माणसाने दुसरे घर धरले की पहिल्या घराची कशी धूळधाण होते हे मी माझ्या थोरल्या बहिणीच्या संसारात पाहिले आहे. मेव्हण्यांनी बाहेर संबंध ठेवले, वर्षाच्या कापसाचे पैसे तिकडे गेले, आणि भाच्यांच्या शाळा सुटल्या. म्हणून अशा गोष्टी गावाने खपवून घेऊ नयेत असेच माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

पण तुमचा प्रश्न वाचून मला हेही कबूल करावे लागते की माझ्या मेव्हण्यांना गावाने काहीच केले नव्हते. पंचांनी माझ्या बहिणीलाच सांगितले की नवरा सांभाळता आला नाही. दुसऱ्या बाईचे घर मात्र गावाबाहेर गेले. शिस्त हवी असे मी म्हणतो तेव्हा ती दोघांना सारखी हवी असे मला म्हणायचे असते, पण सारखी शिस्त लावलेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. ट्रॅक्टर बंद पडला तर नांगरट अडते, आणि बाईवाचून गावाचे काही अडत नाही, हे त्याचे खरे कारण असावे. पतसंस्थेच्या माणसाचेही तसेच आहे. उद्या तो सोसायटीवर किंवा बाजार समितीवर निवडून आला तर आपले काम त्याच्याकडे पडणार, म्हणून लोक हात जोडतात. गाव पापाचे वजन करत नाही, पापी माणसाशी आपले काय काम पडेल याचे वजन करते. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण मीही अशा माणसांना हात जोडले आहेत.

आणखी एक. आमच्या आजीच्या काळी आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे. तो रात्री लागे, वाजंत्री नसे, सवाष्ण बायका त्या वेळी पुढे येत नसत, तरीही पाट लागलेली बाई दुसऱ्या दिवशी उजळ माथ्याने पाण्याला जाई. पुढे केळीचा पैसा आला, घरे मोठी झाली, मोठ्या घरांना पाट कमीपणाचा वाटू लागला आणि हळूहळू तो बंद झाला. तरुण विधवेला आम्ही आधी वाट बंद केली आणि नंतर ती कुंपण ओलांडते म्हणून बोट दाखवले.

उत्तर
शहाद्याचा, सध्या सुरतेत

मी यंत्रमाग कारखान्यात आहे. गावात असताना एका विधवेशी माझे दोन वर्षे संबंध होते. माझे लग्न झालेले नव्हते आणि तिच्याशी लग्न करायचे धैर्य माझ्यात नव्हते. गावात कळले तेव्हा माझ्या मामांनी मला सुरतेला आणून कामाला लावले आणि वर्षभरात माझे लग्न झाले. मुलीकडच्यांना सगळे माहीत होते. त्यांनी 'पोरगा आता मार्गाला लागला' एवढेच म्हटले. तिचे काय झाले हे मी कधी विचारले नाही. तापीकाठताई, तुमचे लिहिणे वाचून पहिल्यांदा चौकशी केली. ती मुलाला घेऊन माहेरी गेली आणि भाऊ तिला वेगळी चूल मांडायला लावतो, असे समजले. मला यावर अधिक लिहिता येत नाही.

उत्तर
ग्रंथपाल, शिरपूर

सुरतेचे नाव निघाले म्हणून लिहितो. १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला फाशीची शिक्षा झाली होती. विधवेपणी झालेले मूल लोकलाजेच्या भयाने मारल्याचा तिच्यावर आरोप होता. अपिलात ती फाशी टळली आणि शिक्षा कमी झाली, पण त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रियांच्या नीतीवर जी झोड उठली ती वाचून आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. ते १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. जे दोष बायकांच्या माथी मारले जातात तेच पुरुषांत आहेत की नाहीत, हा त्यांचा सरळ सवाल होता, आणि लाच, फसवणूक, दगलबाजी हे पुरुषांचे उद्योग त्यांनी त्याच तुलनेत धरले होते. म्हणजे ताई, व्यवहारातले पाप आणि शरीराचे पाप एकाच तराजूत घालावे ही तुमची मागणी आपल्याच मुलखाच्या शिवेवर, आपल्याच भाषेत, एका बाईने पूर्वी केलेली आहे. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या विधवेला मुलाचा बाप कोण हे विचारले जात नसे. तिला जगवणे आणि मूल जगवणे एवढेच त्या घराचे काम होते.

उत्तर
जळगाव, महाविद्यालयात मराठी शिकवते

१९९४ मध्ये जळगावचे वासनाकांड उघडकीस आले तेव्हा मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. मुलींना जाळ्यात ओढायचे, छायाचित्रे काढायची आणि त्यांच्या धाकाने पुन्हा पुन्हा बोलवायचे, असा तो प्रकार होता, आणि आरोपींत प्रतिष्ठित घरांतले व राजकारणाशी संबंध असलेले लोक होते. राज्यभरातील वर्तमानपत्रांत महिनोन्महिने आमच्या शहराचे नाव छापून येत होते. त्यात मुलींवर गुन्हा झाला होता. तरीही कॉलेजच्या बसमध्ये, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात चर्चा मुलींचीच होती: त्या तिथे गेल्याच कशाला, पैशांसाठी गेल्या असतील, चांगल्या घरातली मुलगी अशी फसेल का. आरोपींपैकी कोणाच्या बहिणीचे लग्न अडल्याचे मला तरी आठवत नाही.

दोन वर्षांनी मला नाशिककडचे एक स्थळ आले. मुलाच्या आत्याने पाणी पिऊन झाल्यावर विचारले की १९९४ मध्ये तुम्ही जळगावातच होता का आणि कोणत्या कॉलेजात. माझे वडील काही बोलू शकले नाहीत. माझा भाऊ माझ्याहून एक वर्षाने मोठा, त्याच शहरात, त्याच वर्षी शिकत होता. त्याच्यासाठी मुली पाहताना हा प्रश्न एकाही घराने विचारला नाही, वास्तविक पाहता ज्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या मुलीच्या बापाला हवे असायला पाहिजे होते तो प्रश्न भावालाच विचारण्यासारखा होता. पुढे न्यायालयात साक्षीदार उलटत गेले आणि बरेच खटले टिकले नाहीत. लोक म्हणतात की मुलींनी धीर धरायला हवा होता. साक्ष द्यायची म्हणजे उभे राहून आपणच 'ती' आहोत असे सांगायचे, आणि नंतर याच गावात भाजी घ्यायला जायचे. तो धीर आम्ही गावाने त्यांना दिला होता का?

आप्पांनी शिस्तीविषयी लिहिले. मी त्यांच्या वयाचा मान राखून एवढेच विचारते की शिस्त नेमकी कोणत्या पापासाठी राखून ठेवायची? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागे ८४२ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४ होता, आणि तोही चांगला नव्हता. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदाही १९९४ चाच. ही तफावत आपोआप पडत नाही. आपल्या घरांतून, आपल्या सासूबाई, नवरे आणि डॉक्टर यांच्या संगनमताने ती पडली आहे. माझ्या ओळखीत अशी घरे आहेत जिथे दोन मुलींनंतर सुनेला कुठे तरी बाहेरगावी 'तपासायला' नेले आणि ती रिकाम्या हातांनी परत आली. त्या घरांचे रोट कोणी बंद केले नाहीत. त्या सासूबाईंना मानाने पहिल्या ओळीत बसवले जाते. याला कोणी चालचलन म्हणत नाही, आणि या एका गोष्टीचा मला इतका राग येतो की लिहिताना हात थांबतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पुरुष पारावर उघड पत्ते कुटतात, त्यात सालदाराचा महिन्याचा पगार एका दुपारी जातो, आणि त्याला सणाची मौज म्हणतात. त्याच दिवशी झोक्यावरची माहेरवाशीण मोठ्याने हसली तर तिला आत बोलावतात. यात्रेत तमाशाच्या तंबूसमोर बसणाऱ्याची अब्रू शाबूत राहते आणि तंबूत नाचून पोट भरणारीची जाते. इतकी वर्षे हे डोळ्यांसमोर असून त्याचा आपल्याला अचंबा वाटत नाही.

उत्तर
सातपुडा, धडगाव

मी पावरा समाजाची आहे आणि आश्रमशाळेत शिकवते. होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे भोंगऱ्या बाजार भरतात. होळीच्या सामानाच्या खरेदीचे ते बाजार, ढोल वाजतात, लोक नटून येतात. खालच्या मुलखातून कॅमेरे घेऊन येणारे लोक मात्र तिथे मुली पळवतात असे लिहितात आणि आमच्या मुलींकडे त्या नजरेने पाहतात. शहाद्याला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात मला याबद्दल काय काय ऐकावे लागले ते मी इथे लिहिणार नाही.

आमच्या रिवाजात मुलीचा बाप हुंडा देत नाही, मुलाकडून देज घेतो. बाईला नवऱ्याकडे नांदायचे नसेल आणि ती दुसऱ्याच्या घरी गेली तर पंच बसतात, पहिल्याचा खर्च नव्या माणसाने भरून द्यायचा आणि भांडण मिटवायचे. त्यात बाईच्या नावापुढे कायमचा डाग लागत नाही. पण हे सगळे सुंदर आहे असे कोणी समजू नये. पैशांची बोलणी पुरुषच करतात, मुले बऱ्याचदा बापाकडे राहतात, आणि बाईला काय हवे हे शेवटी विचारले जाते. शिवाय आमच्याकडे बाईच्या अंगाला दोष लावत नाहीत, तिच्या नजरेला लावतात. एखाद्याचे मूल दगावले, बैल मेला, की कोणी तरी एकटी बाई डाकीण ठरते. तिला मारहाण होते, गावातून हाकलतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा ठरला, तरी ते थांबलेले नाही.

डाकीण ठरवलेल्या ज्या तीन बाया मला माहीत आहेत त्या तिघीही विधवा होत्या आणि तिघींच्याही नावावर जमीन होती. म्हणून ताई, मला तुम्हाला एकच विचारायचे आहे. तुमच्या सचिवबाईची दीड एकर जमीन कोणाच्या बांधाला लागून आहे?

उत्तर
तापीकाठ, चोपडा तालुका

धडगावच्या ताईंचा प्रश्न वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. सहीनंतर पहिल्यांदाच गेले. ती मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. मी आधी सहीबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही निदान सही करताना माझ्याकडे पाहिलं नाही. बाकीच्या पाहत होत्या." मग मी जमिनीचे विचारले. तिचा बांध थोरल्या दिराच्या विहिरीला लागून आहे. गेल्या फेब्रुवारीत दिराने ती जमीन स्वस्तात मागितली होती आणि तिने नाही म्हटले होते. कुजबुज एप्रिलमध्ये सुरू झाली. रोटांना येऊ नकोस हा निरोप दिराच्याच मुलाने आणला होता. ट्रॅक्टरवाल्याबद्दल तिने स्वतःहून काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आप्पा, तुमची पाटाची गोष्ट मी तिला वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचायला लावली.

उत्तर
निवृत्त वकील, धुळे

तिला सांगा की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा ही पतीची पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या बरोबरीने, आणि नंतरच्या वर्तनाच्या कारणावरून तो हक्क कोणालाही काढून घेता येत नाही. तिने तलाठ्याकडून सातबारा आणि आठ अ चे ताजे उतारे काढून तिचे व मुलांचे नाव लागले आहे की नाही ते पाहावे. लागले नसेल तर वारस नोंदीचा अर्ज उद्याच द्यावा. कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नये. मोबदला न घेता मी कागद पाहून देईन.

उत्तर
तापीकाठ, चोपडा तालुका

उतारे काढले. तिचे नाव आहे, मुलांची नावे लागायची होती, अर्ज दिला आहे.

गटाची बैठक ५ तारखेला आहे. फेरविचाराचा विषय मी लेखी दिला आहे आणि त्याखाली पंचसूत्री उतरून काढून, तिने यातले कोणते सूत्र मोडले ते लिहावे असा प्रश्न घातला आहे. दहा जणींपैकी माझ्याखेरीज तिघींनी आपली सही मागे घ्यायची तयारी दाखवली आहे. त्यांतली एक ट्रॅक्टरवाल्याची बायको आहे. मी तिच्याकडे जायला घाबरत होते. तिने मला ओसरीवर बसवले आणि म्हणाली, "मला माझ्या नवऱ्याशी भांडायचंय, ते मी भांडतेय. तिची वही हिसकून मला काय मिळालं?"

आम्ही चौघी झालो. ठराव फिरवायला सहा जणी लागतील. दोन दिवस आहेत, आज संध्याकाळी मी आणि ट्रॅक्टरवाल्याची बायको उरलेल्या घरांकडे निघत आहोत.